साखर बंद, गूळ चालू

मला मधुमेह नाही. गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी इतक्या कागदांवर लिहिलं आहे, की आता झोपेतून उठवलं तरी सहीसकट लिहून देईन. माझी पित्ताची पिशवी काढली आहे, पोटावर वीतभर व्रण आहे, पण मधुमेह नाही. हे लिहायला बसले त्याचं कारण एवढंच, की आज कुणाच्या तरी हातात विमा कंपनीचं तसलंच पत्र असेल आणि घरातले म्हणत असतील, "मिळतंय तेवढं घे आणि मोकळी हो." त्या माणसानं सही करायच्या आधी एवढं वाचावं.

मी सुनंदा. लातुरात माझं मॅचिंग सेंटर आहे, म्हणजे साडीला जुळणारं ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर असलं सगळं. दिवसभर मी बायकांना लाल आणि लाल यांतला फरक दाखवत असते. डाळिंबी वेगळा, कुंकवाचा वेगळा, विटकरी वेगळा. आमचे हे डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहेत. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.

पित्त

माझी नणंद मंगलताई नांदेडला असते. तिच्या मुलीचा, पूजाचा साखरपुडा होता, म्हणून मी आणि आत्याबाई दोन दिवस आधीच जाऊन पोचलो. पहिल्या दिवशी दुपारचं जेवण झालं आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ आली, की मी भिंतीला टेकून खालीच बसले. घर पाहुण्यांनी भरलेलं. एकीनं ओवा दिला, दुसरीनं थंड दूध, तिसरीनं सोडा. निदान मात्र सगळ्यांचं एकच, पित्त झालंय. मीही तेच म्हणत होते.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी ताप भरला, उजवा खांदा दुखायला लागला. तरी मी पूजाच्या निऱ्या धरायला उभी राहिले. निऱ्या धरता धरता तिच्या पायाशीच उलटी झाली. नशीब, साडीवर उडाली नाही. मंगलताईनं कार्यक्रम नवऱ्यावर सोपवला आणि मला रिक्षात घातलं. आत्याबाई "मी बी येते" म्हणत काठीसकट आत चढून बसल्या.

सोनोग्राफी करणारे डॉक्टर आधी आमच्या गावाची, नातेवाइकांची चौकशी करत होते. मग बोलायचे थांबले. पोटावरून फिरणारा त्यांचा हात एकाच जागी थबकला, तेव्हाच मला कळलं की हे सोड्यानं जाणारं नाही. थोड्या वेळानं सर्जन आले. "मावशी, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. आत पू झालाय, पिशवी सडायला लागलीय आणि बीपी पडतंय. आजच काढावी लागेल." म्हणजे सगळ्या बायकांचं निदान बरोबरच होतं. फक्त पिशवीचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी विचारलं, "टाके कधी निघतील? लग्नसराई तोंडावर आली." डॉक्टरांनी मंगलताईकडे बघितलं. मी तेव्हा खरी घाबरले.

मला आत न्यायच्या आधी दाराशी एक तरुण डॉक्टर माहिती लिहून घेत होता. मला कळांमुळे बोलवत नव्हतं, मंगलताई पैसे भरायच्या खिडकीवर गेली होती आणि हे लातूरहून निघालेल्या बसमध्ये होते. त्यामुळे आत्याबाई सांगत होत्या आणि तो लिहीत होता. मला आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. आवाजात अभिमान होता, एवढं पक्कं आठवतं. आत्याबाईंना आत्ता कसला अभिमान वाटून राहिलाय, असं मनात आलं आणि तेवढ्यात स्ट्रेचर हललं.

तो दवाखाना विमा कंपनीच्या यादीत नव्हता. आधी पैसे आपण भरायचे आणि मग कंपनीकडे मागायचे. मंगलताईनं पूजाच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे भरले. लग्न सहा महिन्यांवर होतं. "वहिनी, कंपनीकडून येतीलच की," ती म्हणाली. तेव्हा आम्हालाही तसंच वाटत होतं.

अकरा दिवस

अतिदक्षता विभागात दिवे कधी मालवत नाहीत, त्यामुळे वार कळत नाही. मी सिस्टरच्या येण्यावर वेळ मोजायचे. दर सहा तासांनी ती यायची, बोटाला टोचायची आणि आकडा मोठ्यानं म्हणायची. "एकशे आठ." "एकशे दोन." तिच्या आवाजावरून वाटायचं, सगळं ठीक चाललंय. ते आकडे पुढे मला उपयोगी पडणार आहेत, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नवीन सलाईन लावत होती. मी कसंबसं विचारलं, "यात साखर आहे का?"

हसू नका, त्याला कारण आहे. आठ वर्षांपूर्वी आत्याबाईंना झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. मी दुकान टाकायचं म्हटलं तेव्हा सगळं घर विरोधात होतं. ह्या बाईनं स्वतःच्या पाटल्या काढून माझ्या हातात ठेवल्या होत्या. ती खाटेवर पडलेली मला बघवेना. मी देवीला बोलले, आत्याबाई स्वतःच्या पायानं उंबरा ओलांडू देत, मी जन्मभर साखर खाणार नाही. चार महिन्यांनी त्या काठी टेकत उंबरा ओलांडून आल्या. तेव्हापासून माझी साखर बंद. गुळाचं मात्र मी काही बोलले नव्हते, त्यामुळे गूळ चालू. चहा गुळाचा, लापशी गुळाची, लाडू गुळाचे. देवीला जरा फसवल्यासारखं वाटतं, म्हणून गुळाची बाजू मी चारचौघांत फारशी सांगत नाही.

सिस्टर म्हणाली, "ग्लुकोज आहे मावशी. का, शुगर आहे का तुम्हाला?" मला सांगायचं होतं, शुगर नाही बाई, नवस आहे. पण नाकात नळी, घसा कोरडा. मी नुसती मान हलवली. ती आडवी हलली की उभी, ते देवीलाच माहीत.

संध्याकाळी भेटायच्या वेळेत आत्याबाई आल्या तेव्हा मी कुजबुजले, "आत्याबाई, नवस मोडला वाटतं. बाटलीत साखर आहे." त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "शिरेतून गेलेलं देवी मोजत न्हाई. तू गप पड."

तिसऱ्या दिवशी ताप उतरेना. त्या दिवशी मी मरणार असं मला वाटलं. मोठाले विचार काही आले नाहीत. गल्ल्याची दुसरी किल्ली कुठं आहे ते ह्यांना माहीत नाही, हे आठवून रडू आलं. हे आत आले तेव्हा भेटायला येणाऱ्यांना देतात तो हिरवा डगला त्यांनी उलटा घातला होता. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "पाय दाबू का?" चोवीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी माझे पाय दाबले नव्हते. मी हो म्हटलं. त्यांना दाबता येत नव्हते, नुसते धरून उभे राहिले. मला तेवढंही पुरे झालं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी मला वॉर्डात हलवलं आणि तिथल्या आयाबाईनं न सांगता माझ्या केसांचा गुंता सोडवून वेणी घातली. "बाई, आजारी दिसायचं न्हाई. आजारी दिसलं की आजार बसतो," म्हणाली. त्या वेणीनं मला जितकी उभारी दिली तितकी कुठल्या इंजेक्शननं दिली नसेल. अकराव्या दिवशी पू काढायला पोटात घातलेली नळी काढली आणि आम्ही लातूरला आलो.

सहानुभूतीपूर्वक

दीड महिन्यानं पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून मी फोटो काढून पूजाला पाठवला. तिनं फोनवर वाचता वाचता मराठीत सांगितलं. "मामी, ते म्हणतात, तुला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. पॉलिसी घेताना तू तो लपवलास. त्याच्यामुळं पिशवी सडली. तरीपण ते सहानुभूतीपूर्वक काही रक्कम देतील." रक्कम बिलाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होती. सोबत एक कागद होता. त्यावर सही केली की ही रक्कम पूर्ण व अंतिम, पुढे काही मागायचं नाही.

मी आधी हसले. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून आलंय. पण नाव माझं, पत्ता माझा. मग संताप आला. पैशापेक्षा 'लपवला' हा शब्द मला झोंबला. माझ्या दुकानात बाई कापडाचा रंग जाईल का विचारते, तेव्हा जाणार असेल तर मी जाईल म्हणून सांगते.

पॉलिसी काढून देणारा एजंट ह्यांच्या ओळखीचा. तो घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, मिळून राहिलंय ते घ्या. भांडत बसलात तर हेबी जाईल." ह्यांनाही ते पटलं. पूजाच्या लग्नाचे दिवस मोजून त्यांची झोप उडाली होती. "निदान एवढे तरी मंगलला देऊ," म्हणाले. मी म्हटलं, "सही केली म्हणजे मी लपवलं हे मी कबूल केलं." ते म्हणाले, "तुला मान पाहिजे का पैसे?" मी म्हटलं, "दोन्ही." चार दिवस आम्ही एकमेकांशी फक्त भाजी काय आणायची एवढंच बोललो.

माझ्या दुकानाला लागून शबाना आपांचं पिको-फॉलचं मशीन आहे. पंधरा वर्षांपासूनची शेजारीण. त्यांना मी पत्र दाखवलं. त्यांनी मशीन थांबवलं आणि विचारलं, "ताई, ये आठ साल आया कहाँ से? कंपनीच्या मनाने थोडंच आलं असंल. कुठंतरी लिहिलं असंल ना?"

"मला काय माहीत?"

"मग आधी दवाखान्याची पूरी फाइल आणा. पुढचे चार कागद न्हाई, पूरी. साडी बघितल्याबगैर मॅचिंग देता का तुम्ही?"

एवढी साधी गोष्ट मला आणि ह्यांनाही सुचली नव्हती. तुम्हीही हेच करा. बिल आणि डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाइल नव्हे. डॉक्टर-सिस्टर रोज जे लिहितात तो प्रत्येक कागद रुग्णाला मागता येतो. अर्ज द्यावा लागतो, झेरॉक्सचे पैसे द्यावे लागतात आणि थोडं ठाण मांडून बसावं लागतं. बसायची मला सवय आहे.

दुसरं पान

पोटाला पट्टा बांधून मी एसटीनं नांदेडला गेले. दुपारी फाइल हातात पडली, बोटभर जाड. दवाखान्याच्या बाकावरच पूजाला बसवून एकेक पान वाचायला लावलं. फार वाचावं लागलं नाही. दुसऱ्याच पानावर, भरती करतानाच्या माहितीत लिहिलं होतं. मधुमेह, आठ वर्षांपासून. माहिती देणार, सासू.

आणि पुढे अतिदक्षतेच्या कागदात सिस्टरची नोंद. रुग्णानं सलाईनमधल्या साखरेबद्दल विचारलं, मधुमेह असल्याचं मान हलवून सांगितलं.

तो अभिमानाचा आवाज मला तेव्हा आठवला. आत्याबाईंनी काय सांगितलं असेल, ते मला अक्षरशः ऐकू आलं. शुगर आहे का, असं त्या पोरानं विचारलं असणार. आणि त्यांनी छाती काढून सांगितलं असणार, साखर बंद हाय तिची, आठ साल झाले. माझ्यासाठी सोडली, हेही सांगितलं असेल, पण तोवर त्या पोराचं लिहून झालं असेल. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. पूजा घाबरून पाणी आणायला धावली.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं होतं, आत्याबाईंना हे कळू द्यायचं नाही. पण ह्यांनी फाइल बघितली आणि ते पान वाचून स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "आई, डॉक्टरला काय सांगितलंस तू?"

आत्याबाई बाहेर आल्या. "खरं तेच सांगितलं. शुगर हाय का म्हणला. म्या म्हणलं, साखर बंद हाय लेकीची, आठ साल झाले, माझ्यापायी. का? काय झालं?"

ह्यांनी सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांना पश्चात्ताप झाला, पण शब्द सुटला होता. आत्याबाई खुर्चीवर बसल्या. पोरीच्या लग्नाचा पैसा आपल्या एका वाक्यानं अडकला, हे त्यांना नीट कळलं. मी म्हटलं, "माझीही मान हललीच की आत्याबाई. अर्धी चूक माझी." त्यांनी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी बोलणं सोडलं. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, शेजारच्या चार घरांची खबर ठेवणारी बाई गप्प झाली. मंगलताईचा फोन आला की फोन माझ्या हातात द्यायची. काही विचारलं तर एकच उत्तर, "मला इचारू नका. मी कायबी बोलून बसंन." ऑपरेशनमधून मी उठले होते, पण घरात आता ह्या आजारी पडल्या. मग मी ठरवलं, पैसे तर लग्नाआधी मिळवायचेच, पण कंपनीकडून असा कागद घ्यायचा की जो आत्याबाईंसमोर वाचता येईल.

जळकोट

नांदेडला सर्जनना जाऊन भेटले. भले माणूस होते. म्हणाले, "जुना कागद मी खोडू शकत नाही, खोडणं गुन्हा आहे. पण तुम्हाला मधुमेह नाही असं पत्र देतो. आणि ज्यानं लिहिलं त्याच्याकडून लिहून आणा, म्हणजे जास्त बळ येईल." तो तरुण डॉक्टर आता नांदेडला नव्हता. त्यानं जळकोटला स्वतःचा छोटा दवाखाना टाकला होता.

आम्ही निघालो तेव्हा आत्याबाई लुगडं बदलून, काठी घेऊन दाराशी उभ्या. मी त्यांना हाताला धरून बसमध्ये चढवलं. जळकोटपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

दवाखान्यात पाच-सहा पेशंट होते. आमचा नंबर आला. मी त्या डॉक्टरपुढं दुसरं पान ठेवलं. त्यानं स्वतःचं अक्षर ओळखलं, मग आत्याबाईंना ओळखलं.

"आजी, तुम्हीच म्हणालात ना, साखर बंद आहे म्हणून? मी साताऱ्याकडचा. आमच्या गावी शुगर आहे का विचारलं आणि कुणी साखर बंद आहे म्हटलं, की तो मधुमेहीच असतो."

"नवस आहे माझा," मी म्हटलं. "साखर खात नाही. गूळ खाते."

"गूळ खाता?"

"चहा गुळाचा. रोज दोनदा. परवाच शेंगदाण्याचे लाडू केले, गुळातले."

त्यानं पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "गूळ खाणारा मधुमेही मी अजून बघितला नाही. म्हणजे बघितलेत, पण ते चोरून खातात." ह्यांना हसू फुटलं. दोन महिन्यांत ते पहिल्यांदा हसले असतील.

तेवढ्यात आत्याबाई बोलल्या. अगदी हळू. "लेकरा, सून आत मरून राहिली होती. म्हणलं, माझी सून कशी हाय ते तरी डाक्टरला कळावं. म्हणजे नीट बघतील तिच्याकडं. म्हणून सांगितलं."

त्या पोराचे डोळे भरले. मग त्यानं आपल्या कागदावर, आत्याबाईंना कळावं म्हणून मराठीत लिहिलं. रुग्णाच्या सासूबाईंनी साखर खाणं सोडल्याचं सांगितलं होतं. मधुमेह असल्याचं सांगितलं नव्हतं. तो अर्थ मी काढला. तो माझा गैरसमज होता. शिक्का मारला आणि आत्याबाईंना विचारलं, "आजी, वाचून दाखवू?"

आत्याबाईंनी ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

हातमोजे आणि कापूस

मला वाटलं, आता झालं. कुठलं झालं! कंपनीच्या तक्रार विभागाला सगळं पाठवलं तर उत्तर आलं, दवाखान्यात साखरेचे आकडे नॉर्मल दिसतात कारण रुग्ण गोळ्या घेत असावा. म्हणजे साखर जास्त असती तर मधुमेह, आणि नाही तर गोळ्यांमुळं नाही! मी त्या दिवशी दुकानात दोन बायकांना चुकीचं अस्तर दिलं.

मग पुन्हा फाइल काढली. मी आणि शबाना आपा दुपारच्या मोकळ्या वेळेत बसलो. अकरा दिवसांच्या औषधांचा तक्ता फाइलमध्ये होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येक गोळीपुढं सिस्टरची सही. पूजाला फोटो पाठवले, तिनं एकेक नाव तपासून सांगितलं. मधुमेहाची एकही गोळी नाही, एकही इंजेक्शन नाही. दवाखान्यात पडलेल्या मधुमेही बाईला अकरा दिवस कुणी औषधच दिलं नाही का? शिवाय भरतीच्या दिवशीच मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी झाली होती, तीही चोख. मी हे सगळं पान-क्रमांकासकट लिहिलं. शेवटी लिहिलं, मी रोज दोन वेळा गुळाचा चहा पिते, हवं तर येऊन बघा.

कंपनीनं रक्कम वाढवून बिलाच्या अर्ध्यावर आणली. एजंटचा फोन आला, "वहिनी, आता तरी घ्या." फोन ह्यांनी उचलला होता. मी कान देऊन ऐकत होते. हे म्हणाले, "न्हाई. अर्धा मधुमेह नसतो." आणि ठेवून दिला. त्या दिवशी मी त्यांच्या आवडीचं वरणफळ केलं.

आम्ही विमा लोकपालांकडे तक्रार केली. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. आधी कंपनीला लेखी कळवलेलं असावं लागतं आणि महिनाभर वाट बघावी लागते, एवढंच. सुनावणीची तारीख लागली. तारखेच्या आठवडाभर आधी कंपनीच्या बाईंचा फोन आला. फार गोड बोलत होत्या. पूर्ण रक्कम मंजूर, फक्त हातमोजे, कापूस असल्या किरकोळ वस्तू नियमात बसत नाहीत.

मी म्हटलं, "हातमोजे सोडले. पण मला लेखी हवंय, की मी काही लपवलं नव्हतं." तेही आलं. पूजाच्या लग्नाला तीन आठवडे होते. पैसे तसेच मंगलताईकडे गेले.

ते पत्र ह्यांनी आत्याबाईंसमोर वाचलं. त्या उठल्या, फोन घेतला आणि मंगलताईला लावला. पाऊण तास बोलत होत्या. रुखवतात काय काय ठेवायचं, नवरदेवाचा मामा कसा आगाऊ आहे, हळदीला कुणाला पुढं बसवायचं. मी शेजारच्या खोलीत पाखडायला घेतलेले तांदूळ तसेच धरून बसले होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोटातली नळी निघाली त्या दिवशीसुद्धा मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

लग्नानंतर

लग्न थाटात झालं. दुसऱ्या दिवशी नांदेडला होतोच, म्हणून सर्जनना पोट दाखवायला गेले. आत्याबाई सोबत. दाराशी नवीन मुलगी होती, नुकतीच डॉक्टर झालेली. समोर कोरा कागद, हातात पेन.

"मावशी, बीपी?"

"नाही."

"शुगर आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत मागून काठी फरशीवर आपटली.

"न्हाई! शुगर न्हाई. साखर बंद हाय, ती नवसानं. गूळ चालू हाय. हे तिन्हीबी लिही."

ती मुलगी गोंधळली. माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली नाही, दोन्ही हात जोडून स्पष्ट शब्दांत सांगितलं, "त्या म्हणतात तसंच लिहा."

तिनं लिहिलं. आत्याबाई टेबलाजवळ सरकल्या, कागदावर वाकल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी अक्षरांवर बोट ठेवलं.

"लिहिलं? आता वाचून दाखव."